न येणारा विषय : फादर हेरास यांच्या एका आठवणीचं रसग्रहण

१९२२ च्या नोव्हेंबरात फादर हेन्री हेरास मुंबईत उतरले. वय चौतीस, जन्म बार्सिलोनाचा, येशूसंघाचे म्हणजे जेझुइट पाद्री, आणि काम सेंट झेवियर्स कॉलेजात इतिहास शिकवण्याचं. त्यांच्या सुरुवातीच्या दिवसांची एक आठवण झेवियर्सच्या प्राध्यापकांनी पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली आहे. प्राचार्यांनी विचारलं, कोणता इतिहास शिकवाल? हेरासांनी उलट विचारलं, मुलांना कोणता हवा आहे? भारताचा, असं उत्तर आलं. मग मी भारताचाच शिकवतो. पण तुम्हाला भारताच्या इतिहासातलं काय येतं? काहीच नाही. मग शिकवणार कसे? अभ्यास करीन.

आठवण एवढीच. शब्द सांगणाऱ्यागणिक थोडे इकडेतिकडे होतात, गाभा तोच राहतो. मला ती फार आवडते. एखाद्या शिक्षणसंस्थेचा इतिहास प्राध्यापकांच्या आठवणींतून सांगायचा झाला, तर त्या आठवणी कशा असाव्यात आणि आपण त्या कशा वाचाव्यात, हे दोन्ही या छोट्या संवादातून शिकता येतं. म्हणून कवितेचं करतात तसं तिचं रसग्रहण करावंसं वाटलं.

आधी तिची बांधणी पाहू. सगळा संवाद प्रश्नांवर चालतो. पहिला प्रश्न वरिष्ठाचा आहे आणि तो विचारतो शिक्षकाची आवड. उत्तरादाखल येतो तो दुसरा प्रश्न, आणि तो वळतो विद्यार्थ्याच्या गरजेकडे. हेरासांनी आपली आवड सांगितलेलीच नाही. युरोपातून आलेल्या माणसाला युरोपचा इतिहास शिकवणं सोपं गेलं असतं, कुणी नावंही ठेवली नसती. ती सोपी वाट त्यांनी नाकारली असंही आठवण म्हणत नाही. ती वाट तिथे होती हे ऐकणाऱ्याला आपोआप कळतं. चांगल्या आठवणीत असं न बोललेलं बरंच असतं.

मग येतो कबुलीचा शब्द. ‘काहीच नाही.’ पुढे ‘पण’ नाही, सबब नाही, थोडंफार वाचलंय अशी सारवासारव नाही. नव्या नोकरीत, नव्या देशात, वरिष्ठासमोर बसून असं बोलायला काय लागतं हे शिकवण्याच्या पेशातल्या माणसाला विचारावं. आपल्याकडे मास्तरला सगळं येतं असं धरून चालतात, आणि मास्तरही तो समज जपत राहतो. ही आठवण त्या समजाला पहिल्याच फटक्यात बाजूला सारते.

शेवटचं वाक्य भविष्यकाळात आहे. अभ्यास करीन. आठवण इथे थांबते आणि थांबते म्हणूनच रंगते. पुढे काय झालं ते सांगणाऱ्याला माहीत असतं, बहुतेक वेळा ऐकणाऱ्यालाही. आठवणीतल्या हेरासांना मात्र ते अजून माहीत नाही. चार वर्षांनी, १९२६ मध्ये, त्यांनी झेवियर्समध्ये भारतीय इतिहास संशोधनाची संस्था उभी केली. पुढच्याच वर्षी विजयनगरच्या अराविडू घराण्यावरचं त्यांचं जाडजूड पुस्तक छापून आलं. १९३३ मध्ये पल्लवांवरचं आलं. ‘काहीच नाही’पासून अराविडू घराण्यापर्यंत अवघी पाच वर्षं. हा हिशोब सांगणारा मांडत नाही, ऐकणाऱ्याने मांडायचा असतो. त्या पाच वर्षांत माणसाने किती जागरणं केली असतील, किती ताम्रपट आणि शिलालेख डोळ्यांखालून घातले असतील, हे सगळं त्या एका क्रियापदात दडलेलं आहे.

विषयाची निवड पाहा. विजयनगरच्या वैभवावर लिहिणारे होते. रॉबर्ट सेवेलचं पुस्तक १९०० सालीच आलं होतं. हेरास वळले ते १५६५ च्या तालिकोटच्या लढाईनंतरच्या काळाकडे. राजधानी उद्ध्वस्त झालेली, राजघराणं आधी पेनुकोंड्याला आणि मग चंद्रगिरीला सरकलेलं, आणि लोकांच्या लेखी ती कहाणी संपलेली. त्या लढाईत विजयनगरविरुद्ध उतरलेल्या सुलतानांत अहमदनगरचा हुसेन निजामशाह होता. म्हणजे आपल्या गोदाकाठच्या मुलखाशी नातं असलेली ही गोष्ट. तिचा उत्तरार्ध मात्र एका कॅटलन पाद्र्याने धुंडाळला. न येणारा विषय अभ्यासाने आपलासा करायचा, ही आठवणीतली वृत्ती इथे कागदावर उतरलेली दिसते.

या कामात हेरासांच्या हाताशी एक खास साधन होतं : जेझुइटांची पत्रं. चंद्रगिरीच्या दुसऱ्या वेंकटाच्या दरबारात सोळाव्या शतकाच्या अखेरीस जेझुइट पोहोचले होते आणि जे पाहिलं ते गोव्याला, रोमला कळवत होते. ही पत्रं वाचायची म्हणजे पोर्तुगीज, स्पॅनिश, इटालियन आणि लॅटिन यावं लागे. भारताचा इतिहास न येणाऱ्या माणसाला नेमकं तेवढं येत होतं. आठवणीत हे नाही. ‘काहीच नाही’ हे उत्तर खरं आहेच, पण त्याच्या जोडीला दुसरीही एक खरी गोष्ट उभी आहे : अभ्यासाला लागण्यापुरती शिदोरी त्यांच्याजवळ होती.

इथे रसग्रहणाला जरा कठोर व्हावं लागतं. आठवण गोड असते, आणि गोडव्यापायी काही गोष्टी तिच्यातून गळतात. त्या कशा शोधायच्या याचा धडा जेझुइटांच्याच परंपरेत मिळतो. संघाचे संस्थापक इग्नेशियस लोयोला यांनी सहकाऱ्यांना पत्रलेखनाची शिस्त घालून दिली होती. मुख्य पत्र असं लिहायचं की ते चारचौघांना दाखवता यावं, वाचणाऱ्याचं मन उन्नत व्हावं. बाकीच्या गोष्टी, अडचणी, तक्रारी, खासगी मजकूर वेगळ्या चिठोऱ्यावर. हेरासांनंतर त्यांच्या संस्थेचं काम पाहणारे गोमंतकीय जेझुइट इतिहासकार जॉन कोरिया-अफोन्सो यांनी १९५५ मध्ये जेझुइट पत्रं आणि भारताचा इतिहास यांवर पुस्तक लिहिलं. पत्रांचा साधन म्हणून उपयोग करताना ती कोणासाठी लिहिली गेली हे विसरू नये, ही त्यातली दृष्टी मला फार मोलाची वाटते. कॉलेजच्या आठवणी म्हणजे मुख्य पत्र. चिठोरं वाचकाने मागून घ्यावं लागतं.

हेरासांच्या आठवणीचं चिठोरं मागितलं तर पहिला प्रश्न असा : झेवियर्सला १९२२ मध्ये स्पेनमधून माणूस का आणावा लागला? १८६९ मध्ये कॉलेज सुरू केलं ते जर्मन भाषा बोलणाऱ्या जेझुइटांनी. पहिलं महायुद्ध पेटलं आणि ब्रिटिशांच्या लेखी हे प्राध्यापक शत्रुदेशाचे नागरिक ठरले. कुणाला नजरकैद झाली, कुणाची मायदेशी रवानगी झाली. उभं केलेलं कॉलेज, प्रयोगशाळा, ग्रंथालय मागे ठेवून माणसं गेली. त्यांची जागा भरायला पुढे स्पेनच्या आरागोन प्रांताकडे मुंबईचं काम सोपवलं गेलं. हेरास त्या लाटेत आले. म्हणजे प्राचार्यांसमोरची त्यांची खुर्ची दुसऱ्या कुणाच्या हद्दपारीने रिकामी झालेली होती. ‘कोणता इतिहास शिकवाल?’ हा प्रश्न त्या दालनात विचारला गेला तेव्हा खऱ्या इतिहासाने त्या दालनाला नुकतंच झोडपून काढलं होतं. आठवण याबद्दल अवाक्षर काढत नाही. तिच्यावर रागवायचं कारण नाही. पण हे कळल्यावर ती आठवण मला आधीपेक्षा खोल वाटू लागली. तुटलेल्या जागी उभं राहून एक माणूस म्हणतोय, अभ्यास करीन.

ज्या प्राचार्यांनी प्रश्न विचारला त्यांचं नाव मी वाचलेल्या आठवणीत नाही. हेरास आले त्या काळात प्राचार्यपदावर होते फादर एथेलबर्ट ब्लॅटर. ते स्वित्झर्लंडचे, आणि वनस्पतिशास्त्रज्ञ. १९०३ मध्ये मुंबईत आले आणि १९०६ मध्ये त्यांनी कॉलेजात वनस्पतींचा संग्रह सुरू केला. आज तो ब्लॅटर हर्बेरियम म्हणून ओळखला जातो आणि पश्चिम भारतातल्या वनस्पतींवर काम करणाऱ्याला त्याची पायरी चढावीच लागते. आठवणीत प्राचार्य केवळ प्रश्न विचारण्यापुरते येतात, नाटकातल्या दुय्यम पात्रासारखे. प्रत्यक्षात तो माणूस त्या कॉलेजच्या इतिहासात हेरासांच्या तोडीचा आहे.

ब्लॅटरांमुळे मला आठवणीचा आणखी एक प्रकार दिसतो, बोलल्या न जाणाऱ्या आठवणीचा. हर्बेरियमचा एक कागद डोळ्यांसमोर आणा. जाड कागदावर वाळवून, दाबून चिकटवलेली एक फांदी, पानं वर-खाली अशी दोन्ही बाजूंनी दिसतील अशी मांडलेली. खालच्या कोपऱ्यात चिठ्ठी : वनस्पतीचं नाव, कुठे सापडली, कोणत्या तारखेला, कोणी गोळा केली, नमुन्याचा क्रमांक. फुलाचा रंग वाळल्यावर उडतो, म्हणून काळजी घेणारा माणूस तो चिठ्ठीत लिहून ठेवतो. त्या दिवशी पाऊस होता का, घाट चढताना दम लागला का, सोबत कोण होतं, यातलं काही चिठ्ठीवर नसतं. तरीही ती शंभर वर्षं टिकते, आणि नंतरचा कुणीही त्या जागी जाऊन ते झाड अजून तिथे आहे का हे पडताळून पाहू शकतो. हेरासांची आठवण रंग जपते आणि तारीख गाळते. ही चिठ्ठी तारीख जपते, रंगासाठी तिला वेगळी ओळ लागते. कॉलेजच्या इतिहासाला दोन्ही लागतात.

ब्लॅटरांचं काम पुढे नेणारे फादर हर्मेनगिल्ड सांतापाव हेही स्पेनचे. १९२८ मध्ये भारतात आले, १९४० पासून झेवियर्समध्ये वनस्पतिशास्त्र शिकवू लागले. खंडाळ्याच्या वनस्पतींवरचा त्यांचा ग्रंथ १९५३ चा. खंडाळ्याला जेझुइटांचं विश्रांतीचं घर आहे. सुट्टीत माणसं हवा खायला जातात त्या गावाच्या डोंगरकड्यांतली झाडंझुडपं सांतापावांनी एकेक करून नोंदली. अडुळसा, कोरांटी आणि सह्याद्रीची कारवी ज्या कुळातली, त्या कुळावर त्यांनी स्वतंत्र काम केलं. पुढे ते भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचे संचालक झाले, १९६७ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. ‘अभ्यास करीन’ हे एका माणसाचं वाक्य असलं तरी सवय त्या घरातल्या अनेकांची होती, हे अशा वेळी लक्षात येतं. आठवण एकाच्या नावावर जमा होते, श्रेय बहुधा वहिवाटीचं असतं.

आणखी एक चिठोरं आहे, आणि ते मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं. हेरासांनी आयुष्याची पुढची बरीच वर्षं मोहेंजोदडोच्या, म्हणजेच सिंधू लिपीला वाहिली. त्या लिपीतली भाषा द्रविड कुळातली आहे असं धरून त्यांनी मुद्रांवरची चिन्हं वाचायला घेतली. त्यांतलं एक चिन्ह माशाचं. द्रविड भाषांत ‘मीन’ म्हणजे मासा, आणि ‘मीन’ म्हणजेच तारा. तेव्हा मुद्रांवरचा मासा काही ठिकाणी तारा म्हणून वाचावा, असं त्यांनी सुचवलं. १९५३ मध्ये त्यांचा या विषयावरचा मोठा ग्रंथ आला. दोन वर्षांनी, १४ डिसेंबर १९५५ ला, ते मुंबईतच वारले. लिपी उलगडल्याचा त्यांचा दावा विद्वानांनी मान्य केला नाही. सिंधू लिपी आजही वाचता आलेली नाही. माशाची कल्पना मात्र मेली नाही. फिनलंडच्या आस्को पारपोला यांच्यासारख्या अभ्यासकांनी ती पुढे नेली, आणि त्या विषयावरची चर्चा आजही तिला वळसा घालून जाऊ शकत नाही.

मराठवाड्यातल्या आमच्या अंबडची ओळखच मुळी माशाची आहे. मत्स्योदरी देवीचं देऊळ ज्या टेकडीवर आहे तिचा आकार माशासारखा, म्हणून देवीचं नाव मत्स्योदरी, असं इथलं पोर सांगेल. त्या देवळाच्या जीर्णोद्धाराशी अहिल्याबाई होळकरांचं नाव जोडलेलं आहे. या टेकडीचा आणि सिंधूच्या मुद्रांचा संबंध जोडायचा मोह मी आवरतो. हेरासांच्या चुकांपासून शिकायचं ते एवढंच. पण माशाच्या आकारापाशी थांबून, याचा अर्थ काय असेल, असं मनापासून विचारणाऱ्या माणसाविषयी अंबडकराला जिव्हाळा वाटणारच.

आता प्रश्न हा, की ‘अभ्यास करीन’ म्हणणाऱ्याची आठवण सांगताना ‘आणि शेवटच्या मोठ्या कामात त्याला यश आलं नाही’ हे कुणी जोडतं का? क्वचितच. मला वाटतं ते जोडायला हवं. त्याने आठवण कमी होत नाही. ज्याला विषय येत नव्हता त्याने तो आत्मसात केला, तिथे न थांबता कुणालाच येत नसलेल्या विषयात उडी घेतली, आणि तिथे तो अडकला. सुरुवातीचं ‘काहीच नाही’ आणि शेवटचं हे अपयश एकाच धाडसातून आलेली आहेत. पहिलं सांगून दुसरं झाकलं, तर त्या माणसाचं निम्मंच मोठेपण दिसतं.

विद्यार्थीही या आठवणीत प्रत्यक्ष नाहीत. संवाद त्यांच्याविषयी चालतो, ते मात्र खोलीबाहेर आहेत. त्यांच्यातले एक जॉर्ज मोराएस. गोव्याचे. हेरासांच्या हाताखाली त्यांनी कदंब घराण्याचा इतिहास लिहिला, तो १९३१ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या घराण्याच्या एका शाखेने गोव्यावर राज्य केलं, त्याचा इतिहास गोव्याच्या मुलाने एका परदेशी गुरूपाशी बसून लिहिला. मुलांना कोणता इतिहास हवा आहे, या प्रश्नाचं हे नऊ वर्षांनी आलेलं उत्तर आहे असं मी मानतो.

शिष्यांच्या आठवणींतून गुरूचं चरित्र उभं करण्याची रीत आपल्या मातीत फार जुनी. तेराव्या शतकात, महानुभाव पंथाच्या चक्रधरस्वामींच्या पश्चात, म्हाइंभट नागदेवाचार्यांपाशी बसले, स्वामींना पाहिलेल्या माणसांना गाठून विचारत राहिले, आणि त्यातून ‘लीळाचरित्र’ सिद्ध झालं. त्यातल्या कितीतरी लीळा याच गोदावरीच्या काठच्या, पैठणच्या परिसरातल्या. पुढे मूळ पोथी हरवली तेव्हा हिराइसेसारख्या अनुयायांच्या स्मरणातून ती पुन्हा उभी करावी लागली, असं महानुभाव परंपरा सांगते. त्या ग्रंथाची मला सर्वांत आवडणारी गोष्ट ही, की एकाच प्रसंगाची दोघांची स्मृती जुळली नाही तर दुसऱ्याचा पाठही त्याच्या नावासह जपलेला दिसतो. कुणाला वेगळं आठवतं म्हणून त्याला गप्प केलेलं नाही. हेरासांच्या आठवणीचे दोन-तीन पाठ फिरत असतील तर तेही असेच शेजारी शेजारी छापावेत. एकच ‘अधिकृत’ पाठ ठरवण्याची घाई स्मरणिका काढणाऱ्यांना असते, आणि तिच्यात रस मरतो.

स्मरणिकांबद्दल बोललंच पाहिजे. मराठवाड्यातल्या कॉलेजांचा इतिहास तरुण आहे. निजामाच्या राज्यात उच्च शिक्षण म्हटलं की हैदराबादचं उस्मानिया आणि उर्दू माध्यम. पोलीस अ‍ॅक्शननंतर, १९५० मध्ये, औरंगाबादला डॉ. आंबेडकरांच्या संस्थेचं मिलिंद कॉलेज सुरू झालं. मराठवाडा विद्यापीठ आलं १९५८ मध्ये. तालुक्याच्या गावी कॉलेज पोहोचायला आणखी वेळ लागला. अंबडला आज मत्स्योदरी शिक्षण संस्थेचं कॉलेज आहे, भोवतालच्या खेड्यांतली मुलं एसटीने येऊन शिकतात. म्हणजे अशा गावांत कॉलेजची सुरुवात पाहिलेली माणसं अजून आपल्यात आहेत. झेवियर्सकडे दीडशे वर्षांची कागदपत्रं आहेत, पत्रव्यवहार जपण्याची चारशे वर्षांची शिस्त आहे. आमच्याकडे निवृत्त प्राध्यापकांची स्मरणशक्ती आहे, आणि ती दरवर्षी थोडी थोडी आपल्यातून जाते आहे. आपण मात्र वर्धापनदिनी शुभेच्छासंदेश आणि फोटो छापून मोकळे होतो.

आठवणी जपल्याने काय साधतं हे झेवियर्सकडे पाहून कळतं. झेवियर्स हे विद्यापीठ नव्हे. मुंबई विद्यापीठाशी जोडलेलं, २०१० पासून स्वायत्त झालेलं कॉलेज. पण मराठी वाचकाच्या आठवणीत कॅथलिक विद्येचं घर म्हणून तेच आधी येतं, आणि मला वाटतं त्याचं कारण इमारतीत कमी आणि अशा गोष्टींत जास्त आहे. हेरासांची आठवण ऐकलेला माणूस पुन्हा ते नाव विसरत नाही.

अंबडच्या, घनसावंगीच्या, परतूरच्या निवृत्त प्राध्यापकांकडे कुणी वही घेऊन जाणार असेल तर त्याला माझं सांगणं आहे : संस्थेची प्रगती कशी झाली हे विचारू नका. पहिल्या वर्षी कोणता विषय तुम्हाला येत नसताना शिकवावा लागला, ते विचारा. उर्दूतून शिकलेल्या माणसाने मराठीत पहिला तास कसा घेतला, मराठीत पुस्तक नव्हतं तेव्हा टिपणं कुठून आणली, १९७२ च्या दुष्काळात वर्गातली किती मुलं दुष्काळी कामाच्या खडीवर होती, कोणती मुलगी लग्न झालं म्हणून दुसऱ्या वर्षाला परत आलीच नाही. प्रयोगशाळेतल्या मदतनिसालाही विचारा, ग्रंथालयातल्या बाईंनाही विचारा. त्यांचा पाठ वेगळा निघाला तर त्यांच्या नावाने वेगळा लिहा. तारीख विचारा, गाव विचारा, आणि जे चारचौघांत सांगता येत नाही त्यासाठी शेवटची काही पानं कोरी ठेवा.